नऊशे पंधरा आणि नऊशे पंचेचाळीस

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आपल्यापैकी पुष्कळांच्या लक्षात असेल. त्या दिवसापासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या पुरवणं थांबवलं. ज्यांना हव्या असतील त्यांच्यासाठी आणखी एक वर्षाची वेगळी सोय ठेवली. त्या सुमारास माझी मुलगी कॉलेजातून आली आणि दप्तर खाली ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘अब्बा, आपला लॅपटॉप अकरा चालवणार नाही म्हणतोय. नवा घ्यावा लागेल. पण पुढे बारा-तेरा काय येईल ते, त्यालाही चालेल असा कोणता घ्यायचा?’’

मी हसलो. तिला वाटलं, मी किंमत ऐकण्याआधीच विषय टाळतोय. पण मला १९ वर्षांपूर्वीचं पुण्यातलं एक दुकान आठवलं होतं. हाच प्रश्न घेऊन मी तिथल्या काउंटरपाशी उभा होतो. काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडलेले होते. दोन्ही काळे, दोन्ही सारख्या आकाराचे, दोन्हींच्या तळहात टेकायच्या जागी एकच चौकोनी स्टिकर. किमतीत मात्र पाच हजारांचा फरक!

तो नोव्हेंबर २००६ होता. मी तालुक्याच्या गावी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. तिथे लागलो तेव्हा खिळे जुळवणारे जुळारी अजून होते. माझ्या डोळ्यांदेखत खिळे गेले आणि संगणक आला. पुढे मीही त्या संगणकावर बोटं चालवायला शिकलो. दुपारच्या सुट्टीत माझ्या कविता टाइप करून ठेवायचो. आता घरी स्वतःचं यंत्र असावं, असं वाटू लागलं होतं. पैसे अम्मीच्या भिशीचे. रक्कम हातात ठेवताना ती आमच्या दखनीत म्हणाली होती, ‘‘इत्ते पैसे लिखने की मशीन को?’’ तेवढ्या पैशांत पिठाची गिरणी आली असती, हे तिने बोलून दाखवलं नाही. पण मला ते ऐकू आलं.

आता त्या स्टिकरविषयी. त्यावर विंडोजचा रंगीत ध्वज होता आणि ‘विंडोज व्हिस्टा केपेबल’ अशी अक्षरं होती. म्हणजे आत विंडोज एक्सपीच आहे, पण नवी ‘व्हिस्टा’ येणार आहे आणि हे यंत्र तिला समर्थ आहे, अशी ती हमी. घरगुती ग्राहकांसाठी व्हिस्टा बाजारात आली ३० जानेवारी २००७ रोजी. मी दुकानात होतो तेव्हा ती यायला अडीच महिने बाकी होते. न आलेल्या पाहुण्यासाठी खोली भाड्याने घ्यायची, तसा तो व्यवहार होता.

या पाहुण्याला इतका उशीर का झाला, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. एक्सपी बाजारात आली २५ ऑक्टोबर २००१ रोजी. तिचं तयार होतानाचं टोपणनाव होतं ‘व्हिसलर’, आणि तिच्यानंतरच्या मोठ्या आवृत्तीचं ठरलेलं नाव होतं ‘ब्लॅककोम्ब’. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले हे दोन शेजारी डोंगर, बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी प्रसिद्ध. या दोघांच्या मध्ये एक छोटा मुक्काम म्हणून एक मधली आवृत्ती काढायची ठरली. तिला नाव मिळालं ‘लाँगहॉर्न’, त्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या एका मद्यगृहाचं. मद्यगृहात घटकाभर टेकायला म्हणून शिरलेला माणूस कधी बाहेर पडेल सांगता येत नाही. इथेही तेच झालं. मधला मुक्काम फुगत गेला, त्यात नवनव्या कल्पना शिरल्या आणि अखेर ऑगस्ट २००४ मध्ये कंपनीने पुष्कळसं काम बाजूला ठेवून सर्व्हर २००३ च्या पायावर पुन्हा सुरुवात केली. फायली साठवण्याची ज्या नव्या पद्धतीचा फार गाजावाजा झाला होता, तीही तेव्हाच वगळली गेली.

मार्च २००६ मध्ये जाहीर झालं, की घरगुती ग्राहकांना व्हिस्टा नाताळपूर्वी मिळणार नाही, जानेवारी उजाडेल. अमेरिकेत नाताळचे दिवस म्हणजे आपल्याकडची दिवाळी. खरेदी व्हायची ती तेव्हाच. जानेवारीत नवं येणार म्हटल्यावर डिसेंबरात जुनं कोण घेईल? संगणक बनवणारे धास्तावणं साहजिक होतं. त्यांच्या मदतीला होतं ते हे स्टिकर. एप्रिल २००६ पासून ते यंत्रांवर दिसू लागलं. पुढे ऑक्टोबरच्या अखेरीपासून एक्सपीचा संगणक घेणाऱ्याला व्हिस्टा फुकट किंवा सवलतीत देण्याची कुपनंही निघाली.

पण स्टिकर दोन प्रकारचे होते, आणि गोम तिथेच होती. नुसत्या ‘केपेबल’ला ८०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ५१२ मेगाबाइट रॅम पुरे. दुसरं ‘प्रीमियम रेडी’. त्याला १ गिगाहर्ट्झ, १ गिगाबाइट रॅम आणि चांगली ग्राफिक्सची सोय लागे. व्हिस्टाची जाहिरात ज्या काचेसारख्या पारदर्शक चौकटी दाखवून होत होती, त्या ‘एअरो’ नावाच्या चौकटी फक्त दुसऱ्या प्रकारात दिसणार होत्या. पहिल्या प्रकारावर चालणार होती ‘होम बेसिक’ नावाची साधी आवृत्ती. तिच्यात काच नव्हती. जाहिरातीतली नवरी एक आणि बोहल्यावर उभी दुसरी, असं हे.

हे मला तेव्हा कुठलं ठाऊक? पण दुकानातला मुलगा हुशार होता. वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याने दोन्ही यंत्रं माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, ‘‘सर, स्टिकर सोडून द्या. ह्यात ९१५ आहे, ह्यात ९४५. व्हिस्टा घालायचा विचार असेल तर ९४५ घ्या आणि रॅम वाढवा.’’

नऊशे पंधरा आणि नऊशे पंचेचाळीस हे इंटेल कंपनीच्या चिपसेटचे क्रमांक. स्वस्त लॅपटॉपमध्ये चित्रं रंगवण्याचं काम वेगळ्या कार्डाऐवजी या चिपसेटमध्येच बसवलेल्या भागाकडे असतं. ९१५ हा २००४ मधला, ९४५ त्याच्या पुढचा. व्हिस्टाने चित्रांचा कारभार नव्या पद्धतीने चालवायचं ठरवलं होतं आणि त्या पद्धतीचा ड्रायव्हर ९१५ साठी येणारच नव्हता. म्हणजे ९१५ वाल्या यंत्रात रॅम कितीही ओता, काच दिसणार नव्हती. तरीही दोन्ही यंत्रांवर स्टिकर तेच होतं.

रॅमबद्दलही त्या मुलाने मला समजावलं. ते मी माझ्या छापखान्याच्या भाषेत समजून घेतलं. हार्ड डिस्क म्हणजे कपाट, आणि रॅम म्हणजे जुळाऱ्याचं टेबल. कपाट कितीही मोठं असो, टेबल लहान असेल तर एक गॅली उचलून ठेवल्याशिवाय दुसरी मांडता येत नाही. सगळा वेळ उचलण्या-ठेवण्यातच जातो. हळू चालणारा संगणक म्हणजे हीच उचल-ठेव.

मी ९४५ वाला घेतला. पाच हजार जास्त मोजले. का, ते सांगतो. त्यामागे काचेची हौस थोडी होतीच, पण खरं कारण होतं मराठी.

आज फोनवर लहान पोरंही मराठी टाइप करतात, त्यामुळे तेव्हाची अडचण सांगितली तरी पटत नाही. छापखान्यातल्या संगणकावर आम्ही ज्या फॉन्टांत काम करायचो, त्यांत मराठी अक्षर हे मराठी अक्षर नसायचंच. रोमन अक्षराच्या खणात मराठी अक्षराचा आकार बसवलेला असे. तुम्ही ‘क’ पाहता, पण यंत्राच्या लेखी तिथे कुठलंसं इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच असतं. तो फॉन्ट ज्या यंत्रात नाही तिथे फाइल उघडली, की पडद्यावर कंस, डॉलर आणि स्वल्पविराम यांची खिचडी. शिवाय प्रत्येक फॉन्टवाल्याचे खण वेगळे. एकाचा ‘क’ दुसऱ्याचा ‘ज्ञ’ निघू शके.

यावरचा उतारा म्हणजे युनिकोड. त्यात आकाराला नव्हे, अक्षरालाच कायमचा क्रमांक दिलेला आहे. देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि तिची मांडणी आपल्याकडच्याच ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावर बेतलेली आहे. विंडोजमध्ये देवनागरीची ही सोय आली विंडोज २००० पासून, ‘मंगल’ या फॉन्टसह. पण एक्सपीत ती सोय झाकून ठेवलेली असे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करावी लागे, मग यंत्र एक्सपीची सीडी मागे आणि त्यानंतर देवनागरी उमटे. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या यंत्रात काना, मात्रा आणि वेलांट्या अक्षरांपासून फारकत घेऊन उभ्या राहत. व्हिस्टात मात्र ही सोय मुळातच चालू असणार, असं मी वाचलं होतं आणि ते खरंही ठरलं. म्हणून मला व्हिस्टाची ओढ. काचेच्या चौकटी पाहायला जग थांबलं होतं, मी जोडाक्षरांसाठी थांबलो होतो.

इथे एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. युनिकोडमध्ये आपल्या ‘क’चा क्रमांक आहे ०९१५! तो षोडशमान पद्धतीतला आकडा आहे, इंटेलच्या ९१५ शी त्याचा काहीही संबंध नाही. पण कवीला असले योगायोग पुरतात. ज्या आकड्यापाशी अमेरिकेत एवढं रामायण घडलं, त्याच आकड्यापासून आपली बाराखडी सुरू होते.

ते रामायण असं. मार्च २००७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका महिलेच्या नावे सिएटलच्या संघीय न्यायालयात दावा दाखल झाला. म्हणणं असं, की ‘केपेबल’ या शब्दाने ग्राहकांची दिशाभूल झाली. ज्या व्हिस्टाची जाहिरात केली ती या यंत्रांवर चालतच नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये न्यायाधीश मार्शा पेकमन यांनी त्याला सामूहिक दाव्याचं रूप दिलं, आणि त्याच सुमारास कंपनीतल्या वरिष्ठांचा आपसातला ईमेल-व्यवहार लोकांसमोर आला. इतिहासाच्या अभ्यासकाला दप्तरखाना उघडल्यावर होतो तसा आनंद पत्रकारांना झाला असावा.

त्या पत्रव्यवहारातून जे दिसलं ते थोडक्यात असं. मूळ ठरावानुसार, नव्या पद्धतीचा ग्राफिक्स ड्रायव्हर असल्याशिवाय ‘केपेबल’ म्हणायचंच नाही, असा नियम होता. तो नियम टिकता तर ९१५ बाहेर पडला असता. पण जानेवारी २००६ च्या अखेरीस तो नियम शिथिल झाला. इंटेलच्या ९१५ वाल्या पाट्या विकल्या जाव्यात आणि त्या कंपनीचं तिमाही उत्पन्न सावरावं म्हणून आपण अट खाली आणली, असं मायक्रोसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्याने नंतर लिहिलं होतं. आपल्या उत्पन्नाबद्दल त्या अधिकाऱ्याला काही माहिती असण्याचं कारण नाही, असं इंटेलचं त्यावर उत्तर. पहिल्या नियमावर विश्वास ठेवून एचपी या कंपनीने चांगल्या ग्राफिक्सवर पैसा ओतला होता. ती अर्थातच संतापली. नियम पाळणारा तेवढा फसला!

सर्वांत बोलकं पत्र माइक नॅश यांचं. हे स्वतः मायक्रोसॉफ्टचे उपाध्यक्ष. त्यांनी स्टिकर पाहून लॅपटॉप घेतला आणि आत निघाला ९१५. आता आपल्याकडे ईमेल पाहण्याचं एकवीसशे डॉलरचं यंत्र आहे, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं. पुढे ज्यांच्या देखरेखीखाली विंडोज ७ तयार झालं, त्या स्टीव्हन सिनॉफ्स्की यांनी थेट स्टीव्ह बामर यांना कळवलं होतं, की माझ्या घरच्या प्रिंटरला व्हिस्टाचा ड्रायव्हर फेब्रुवारीपर्यंत मिळाला नव्हता. कंपनीच्या घरातच दिव्याखाली अंधार. मला या पत्रांचा राग येत नाही, उलट ती वाचून बरं वाटतं. स्टिकर वाचून फसायला अडाणी असावं लागत नाही, एवढं तरी त्यांतून सिद्ध झालं.

कंपनीचा बचावही सांगायला हवा. ‘केपेबल’ आणि ‘प्रीमियम रेडी’ यांतला फरक आम्ही वेळीच जाहीर केला होता, होम बेसिक हीसुद्धा व्हिस्टाच आहे, असं तिचं म्हणणं. न्यायालयात मुद्दा अडला तो मात्र वेगळ्याच जागी. या स्टिकरामुळे सगळ्या ग्राहकांना यंत्राची जास्त किंमत मोजावी लागली, हे सरसकट दाखवता येईना. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याच न्यायाधीशांनी दाव्याचं सामूहिक रूप काढून घेतलं. ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आलं. त्याची किमान गरज व्हिस्टाच्या ‘प्रीमियम’च्या आसपासच राहिली आणि लोक व्हिस्टा विसरून गेले.

आणि माझी व्हिस्टा? ती माझ्या यंत्रात कधी आलीच नाही. झालं असं, की पैसे मोजून झाल्यावर मी त्या मुलाला सहज म्हटलं, मराठीसाठी आता जानेवारीपर्यंत थांबायचं. तो म्हणाला, ‘‘त्याला थांबायचं कशाला?’’ त्याने ड्रॉवरमधून सीडी काढली, ती खूण केली आणि दहा मिनिटांत एक्सपीतच देवनागरी उमटली. हे आधी विचारलं असतं तर पाच हजार वाचले असते. चूक सर्वस्वी माझी. ते पाच हजार ज्या काचेसाठी गेले ती मी कधी पाहिली नाही. अम्मीला हे मी सांगितलं नाही.

दुसरी चूक याहून मोठी. छापखान्यातल्या कवितांची फाइल मी या लॅपटॉपवर उतरवून घेतली, पण तो फॉन्ट घ्यायचा राहिला. पुन्हा कधी घेऊ, म्हणत राहिलो. मग छापखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली. चाळीस-एक कविता माझ्याजवळ होत्या आणि नव्हत्याही. उघडल्या की कंस आणि डॉलर. त्यांतल्या काही पाठ होत्या, त्या परत लिहिल्या. पण पाठ असलेली कविता लिहून काढताना आपण ती नकळत सुधारतो, आणि मूळचा तो तिशीतला माणूस हातातून निसटतो.

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. त्या लॅपटॉपने त्यानंतरही काही दिवस काढले. मग दुसरा आला, त्यावर १० आलं. आता अकराची पाळी.

किमान रॅमचे आकडे ओळीने पाहिले तर प्रवास कळतो. १९९५ च्या विंडोजच्या खोक्यावर लिहिलं होतं ४ मेगाबाइट. एक्सपीला ६४, व्हिस्टाला ५१२, आणि २०२१ च्या विंडोज ११ ला ४ गिगाबाइट. २६ वर्षांत हजारपटीहून थोडं अधिकच. आणि प्रत्येक वेळी तो आकडा यंत्र उभं राहण्याचा असतो, चालण्याचा नव्हे. विंडोज ९५ सुद्धा ४ मध्ये कण्हायचं, ८ असेल तर चालायचं. म्हणून मी मुलीला सांगितलं, लिहिलेल्या आकड्याची निदान दुप्पट धर. तीही कमीच पडेल.

पण या वेळची अडचण उलटी आहे. २००६ मध्ये स्टिकर ‘हो’ म्हणत होतं आणि यंत्र ‘नाही’ म्हणत होतं. अकराच्या बाबतीत यंत्र ‘हो’ म्हणतं आणि यादी ‘नाही’ म्हणते. २४ जून २०२१ रोजी विंडोज ११ जाहीर झालं तेव्हा दोन अटी पुढे आल्या. एक, टीपीएम २.० नावाचा सुरक्षेचा भाग. कुलपांच्या किल्ल्या ठेवायची ती यंत्रातली तिजोरी. दुसरी, प्रोसेसर ठरलेल्या यादीतला हवा, म्हणजे इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आठवी पिढी आली २०१७ मध्ये. म्हणजे त्याआधी थोडेच दिवस घेतलेलं, चांगलं धडधाकट यंत्रही चार वर्षांत बाद. आपलं यंत्र पात्र आहे का, हे तपासायला कंपनीने जे साधन दिलं, तेही सुरुवातीला कारण न सांगता नुसता नकार द्यायचं. टीका झाल्यावर ते काही काळ मागे घेतलं गेलं. सुरक्षेचं कारण खोटं नाही, हे मी मान्य करतो. पण चालतं यंत्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवताना मला छापखान्याचे खिळे आठवतात. तेही झिजलेले नव्हते.

भंगारात देण्याआधी एक गोष्ट मात्र जरूर पाहावी. पुष्कळ यंत्रांत ती तिजोरी असते, पण बंद ठेवलेली असते. बायोसमध्ये जाऊन ती उघडावी लागते. आमच्या यंत्रात तीही उघडून पाहिली. प्रोसेसर सातव्या पिढीचा निघाला. तिथे इलाज नव्हता. त्या यंत्रात आता लिनक्स घातलं आहे आणि ते माझ्या टेबलावर मजेत चालतं.

मुलीच्या लॅपटॉपसाठी आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. आता स्टिकर नवं आहे, ‘कोपायलट प्लस’चं. मे २०२४ मध्ये ते जाहीर झालं. त्याला १६ गिगाबाइट रॅम हवी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची कामं करणारा, सेकंदाला चाळीस लाख कोटी क्रिया करू शकणारा वेगळा भाग हवा. दुकानातली मुलगी ते सगळं भराभर सांगत होती. मी विचारलं, हा भाग आज नेमकं कोणतं काम करतो, आणि ते काम माझ्या मुलीला रोज आहे का? ती प्रामाणिक होती. म्हणाली, ‘‘काका, आज फारसं नाही. पुढे लागेल.’’ पुढे लागेल, हे ऐकून मी सावध झालो. आम्ही ते स्टिकर नसलेला घेतला. रॅम मात्र १६, आणि पुढे वाढवता येईल असा.

आता थोडं चांगलं सांगतो. त्या यंत्रावर मुलीने सर्वांत आधी माझी जुनी फाइल उघडली. तिने कंस आणि डॉलर यांची खिचडी निरखली, माझ्या पाठ असलेल्या एका कवितेशी ती शब्दाशब्दाने ताडून पाहिली आणि कोणत्या खणात कोणतं अक्षर होतं त्याचा तक्ता बनवला. तीन रविवार गेले. चाळीसपैकी एकतीस कविता परत आल्या. उरलेल्यांत काही खण रिकामेच आहेत, कारण ती अक्षरं पाठच्या कवितेत कुठे आली नव्हती. त्यातला एक खण, आमचा तर्क आहे, आपल्या मराठी चंद्रकोरीसारख्या अर्ध्या ‘ऱ’चा असावा. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’मधला. हिंदीला त्याची गरज नाही, आपल्याला आहे. पाठच्या कवितेत वारा नव्हता.

दुकानात पैसे देण्याआधी मीही एक तपासणी केली होती, तेवढी सांगून थांबतो. मुलगी प्रोसेसरचा क्रमांक पाहत होती तेव्हा मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला आणि ‘तऱ्हा’ हा शब्द टाइप केला. नीट उमटला. मग मी पाकीट काढलं.